सहातले चार कुठे गेले

गिरणीत दळण टाकून घरी निघून जाणाऱ्या बायका वेगळ्या आणि कौशल्याबाई वेगळी. ती डब्याशेजारी बसून राहायची. आपले गहू वरच्या तोंडात पडताना बघायचे, आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी पुरती उतरली का ते पीठ जिभेवर ठेवून बघायचं, शेवटचा भुगा डब्यात झटकून घ्यायचा आणि मगच उठायचं. गिरणीवाला रणजीत कधी वैतागून म्हणायचा, "काकू, मी काय तुमचं पीठ खातो होय?"

"तू न्हाई रं खात. पण डब्याला तोंड हाय, जीभ न्हाई. मागनं इचारायचं कुनाला?"

ही सवय तिला चाकणच्या बाजारानं लावली. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती तिथं कांदा निवडायला जायची. गोणीच्या तोंडाशी मुठीएवढे तांबडे चकचकीत कांदे आणि तळाशी गोल्टी, म्हणजे बोराएवढी बारीक पिल्लं, हे तिनं इतक्या वेळा पाहिलं की पुढं कुठलीच गोष्ट तिला तोंडाशी बघून पटेना. ओता म्हणायची. सगळं ओता, मग बोलू. सिलिंडर आला की हलवून बघ, दूध आलं की बोटावर घेऊन बघ. सून बघायला दोनदा गेली, दुसऱ्यांदा न कळवता. सून मोनिका हे अजून सगळ्यांना हसत सांगते, फक्त हसताना तिचे दात जरा जास्तच दिसतात.

नवरा अर्जुनराव गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मोशीतल्या त्यांच्याच रानात ही सोसायटी उभी राहिली. जिथं भुईमूग निघायचा तिथं गाड्या लागायला लागल्या. वाट्याला तळमजल्यावरचा फ्लॅट आला. जुन्या घरातलं बाकी सगळं वाटून, मोडून झालं, तेव्हा कौशल्याबाईनं एक तांब्याचा बंब तेवढा संगं आणला. वर्षभर तो माळ्यावर झोपायचा आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उतरायचा. मोनिका म्हणायची, "आई, गीझर आहे की." ही म्हणायची, "आसू दे. त्यो बी आसू दे."

यंदा घट बसायच्या आधी घर झाडायला काढलं तेव्हा बंब मागच्या बोळात नेऊन ठेवला. खंडेनवमीला मोनिकाच्या स्कूटीला हार घातला तेव्हा उरलेलं एक झेंडूचं फूल बंबावरही ठेवलं. मग कंबर धरली आणि मागं जाणंच झालं नाही. दिवाळी आठवड्यावर आली तशी ती चिंच-मीठ घेऊन बंब घासायला गेली, तर फरशीवर नुसता गोल डाग. वाळलेलं फूल शेजारी पडलेलं.

तांब्याचा बंब काही चालत जात नाही.

ती तिथंच भिंतीला टेकली, आणि तोंडातून निघून गेलं, "समाधानला ठावं आसनार. दिसभर गेटावर त्योच आसतो."

समाधान म्हणजे वॉचमन. हिंगोलीकडचा, पंचविशीतला. चिखलीत एका खोलीत बायको आणि रांगती पोरगी. सगळ्यांना मावशी, काका म्हणणारा. पार्सल आलं की जिन्यानं वर नेऊन देणारा. कौशल्याबाई बोलली ते त्याच्याबद्दल राग धरून नव्हे. हरवलेल्या वस्तूच्या डागाशी उभं राहून माणूस कुणाचं तरी नाव घेतोच. पण ते ऐकलं अण्णासाहेबांनी.

अण्णासाहेब सोसायटीचे अध्यक्ष. चिंचवडच्या कंपनीत सुपरवायझर होते. रिटायर झाले, पण हाताखाली माणसं असायची सवय काही रिटायर झाली नाही. "वहिनी, काळजी करू नका," म्हणाले. "कॅमेरे कशाला बसवलेत?"

आता कॅमेऱ्यांचं सांगायला पाहिजे. गेटावर, पार्किंगमध्ये, जिन्यात आणि मागच्या बोळात मिळून आठ-दहा कॅमेरे, आणि त्या सगळ्यांना काय दिसतं ते साठवून ठेवणारा एक जुना कॉम्प्युटर. तो समाधानच्या केबिनमध्ये टेबलाखाली. उन्हाळ्यात दोन मोटारसायकली चोरीला गेल्या तेव्हा सोसायटीनं त्यात मोठी हार्डडिस्क घालून घेतली. हार्डडिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कोठार. आधीचं अर्ध्या टीबीचं होतं, हे सहा टीबीचं. बसवणारा वजीर म्हणाला होता, महिनाभराचं चित्रण आरामात राहील. कोठार भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं चढत जातं.

कौशल्याबाईला आणि दोन-चार सभासदांना घेऊन अण्णासाहेबांनी केबिनमध्ये बसून चित्रण मागं मागं नेलं. सगळ्यात जुनं चित्र निघालं ते दसऱ्यानंतर दोन दिवसांचं. त्यात बोळ दिसत होता, गोल डाग दिसत होता, बंब नव्हता. म्हणजे गेला तो दसऱ्याच्या आसपास. आणि नेमकं त्याच्या आधीचं काहीच नाही.

"महिन्याचं राहतं ना? मग आधीचं गेलं कुठं?" अण्णासाहेबांनी मान वळवली. "कॉम्प्युटर कुणाच्या केबिनमध्ये असतो?"

दारात उभ्या असलेल्या समाधानकडे सगळ्यांनी बघितलं.

"साहेब, मी त्याच्यावर फडकं बी मारत नाही. काही दबलं तर माझ्या अंगावर यायचं. मी कामून पुसू?"

"तेच विचारतोय. का पुसलंस?"

"मला तर पासवर्ड बी ठाऊक नाही, साहेब."

पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला होता. अक्षर अण्णासाहेबांचं. पण ते कुणी बोललं नाही.

ठरलं असं, की रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग घ्यायची आणि वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला पत्र द्यायचं: चोरीचा संशय, पुरावा नष्ट केला, माणूस काढून घ्या. असं पत्र मागं लागलेल्या पोराला मोशीपासून चाकणपर्यंत एकाही गेटावर कुणी उभं करत नाही. हे समाधानला कळत होतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली, आणि ती कुठं ठेवावी हेच त्याला सुचेना.

कौशल्याबाई घरी आली आणि भाकरी तशीच झाकून ठेवली. तिला बंब पाहिजे होता, पोराची मान नव्हती पाहिजे. आता तिला समाधान साव वाटत होता असंही नाही. तिला कुणीच साव वाटत नसे. पण तिच्या डोक्यात दुसरीच गोष्ट कुरतडत होती. पोरानं पुसलंच असतं तर चोरीचा तेवढा दिवस पुसला असता. त्याच्या आधीचं सगळंच कसं नाही? घटांचं नाही, सर्वपित्रीचं नाही. हे पुसल्यासारखं नव्हतं. हे गोण कमी भरल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ती अण्णासाहेबांच्या दारात. "डिस्क सहाची दिलीया का न्हाई, ती ओतून बगायची."

"वहिनी, ते कांदे नाहीत ओतायला."

"कांदे न्हाईत म्हनूनच. कांदं डोळ्याला दिसत्यात तरी. ह्यात तर समदं झाकलेलं. सहाचं सांगून दोनाचं गळ्यात मारलं आसंल तर तुमाला कुटं कळनार?"

ही गोष्ट अण्णासाहेबांनाही लागली, कारण डिस्क त्यांनीच पसंत केली होती. "न्या वजीरकडं," म्हणाले, "पण तुम्ही स्वतः शेजारी बसणार असाल तरच. त्या समाधानला हात लावू द्यायचा नाही."

शेजारी बसायचं तिला सांगायला नको होतं.

रिक्षात मांडीजवळ कॉम्प्युटरचा तो डबा घेऊन ती वजीरच्या दुकानात गेली. वजीर चाकणचा. त्याची आई शमीम आणि कौशल्याबाई बाजारात एकाच ढिगाशी बसून कांदा निवडायच्या. एकीच्या डोळ्याला पाणी आलं की दुसरी म्हणायची, "रड बाई, कांद्याच्या नावानं रडून घे." वजीर तेव्हा पाटीत झोपलेला असायचा. आता त्याच्या डोक्यावरचे केस मागं सरकले होते आणि हाताखाली दोन पोरं होती. पण आई चांगली म्हणून पोरगा चांगला, असलं कौशल्याबाई धरून चालत नसे.

"मावशी! तुम्ही कशाला आलात? ठेवा इथं, संध्याकाळी पाठवून देतो."

"मी बसते."

"वेळ लागेल हो."

"भाकरी आनलीया."

वजीरनं स्टूल दिलं. डबा उघडला, आतली डिस्क काढली, तशी तिनं हात पुढं केला. पिशवीतून मोनिकाची नखं रंगवायची बाटली काढली आणि डिस्कच्या कोपऱ्यावर एक लाल ठिपका दिला.

"हे काय?"

"आपली वस्तू आपल्याला वळखू याया पायजे. तुज्याकडं अशा किती पडल्यात बग की."

वजीर हसला. "मावशी, अम्मी सांगते तशाच आहात."

"तुजी दोनाची डिस्क आन जरा इकडं."

त्यानं शेल्फावरची एक दिली. कौशल्याबाईनं एका हातात सहाची घेतली, एका हातात दोनाची, आणि दोन्ही हात वरखाली करून बघितले. भाजीवालीशी भांडायच्या आधी करतात तसं.

"काय की रं. हिचं वजन आन् हिचं वजन, फरक म्हनावा आसा न्हाई. सहात आन् दोनात फरक कसा न्हाई?"

"यात वजनावर काही नसतं, मावशी."

"आसं कसं? भरल्याली गोण आन् रिकामी गोण सारखीच लागंल का?"

"सारखीच लागते. भरली तरी तेवढीच, रिकामी तरी तेवढीच."

हे तिला मुळीच पटलं नाही. जिचं भरलं-रिकामं कळत नाही ती वस्तू चोरासाठीच केलेली असणार. पण वरच्या कागदावर सहाचा आकडा होता आणि आकडे तिला वाचता येत होते, म्हणून तिनं दोनाची डिस्क परत दिली.

वजीरनं डिस्क आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. स्क्रीनवर एक आडवा पट्टा उमटला. डावीकडचा थोडा भाग निळा, आणि त्यापुढं लांबच लांब काळा. वजीर बोलता बोलता थांबला. एवढा वेळ त्याची बडबड चालू होती, हाताखालच्या पोरांना हाका चालू होत्या.

कौशल्याबाई स्टुलासकट पुढं सरकली. "काय झालं?"

"काही नाही."

"काही न्हाई तर बोल की मग."

त्यानं पंखा वाढवला. "मावशी, डिस्क सहाचीच आहे. कुणी बदललेली नाही. पण वापरात फक्त दोन आहेत. हे निळं दिसतंय ना, तेवढंच. हे काळं म्हणजे चार. हे पडीक आहे."

"पडीक? कुनी ठिवलं पडीक?"

वजीरनं टेबलावर बोटानं रेघा ओढत सांगितलं, आणि तिला सगळं नाही तरी मुद्द्याचं कळलं. ते असं. डिस्क नवी आली की तिच्या पहिल्या पानावर नकाशा काढावा लागतो: कुठला तुकडा कुठं सुरू, कुठं संपला. रानाचे प्लॉट पाडतात तसंच. हा नकाशा काढायच्या दोन पद्धती, एक जुनी आणि एक नवी. जुन्या नकाशात आकडे लिहायच्या चौकटीच लहान. दोन टीबीच्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. तिथून पुढची जमीन असते, पण नकाशाला दिसत नाही. नव्या पद्धतीत सहाच्या सहा दिसतात.

"मग नवा नकाशा का न्हाई काढला?"

"काढला होता. पण तुमच्या सोसायटीचा कॉम्प्युटर जुना. बटण दाबलं की तो आधी डिस्कचं पहिलं पान वाचतो आणि मग उठतो. नवा नकाशा त्याला वाचताच येत नाही. काळी स्क्रीन धरून बसला. आणि अण्णासाहेब माझ्या डोक्यावर उभे. आजच चालू पाहिजे, आत्ताच चालू पाहिजे. मग मी जुन्या पद्धतीनं काढला. उठला. कॅमेरे दिसले. सगळे खूश झाले, मी निघालो."

"आन् चार ऱ्हायले?"

"चार राहिले. म्हटलं, मागाहून येऊन नीट करू. मग... राहूनच गेलं."

"म्हंजी म्हैन्याचं कवाच ऱ्हात नव्हतं."

"नाही. दोनात दहा दिवसांचं मावतं. अकराव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. आपोआप."

"पोरानं पुसलं न्हाई."

"कोण पोर?"

तिनं सांगितलं. वजीरनं ऐकलं आणि पेचकस हातात घेतला. ही हालचाल तिनं टिपली.

"अर्ध्या तासाचं काम आहे, मावशी," तो म्हणाला. "एक छोटी डिस्क घालतो जुन्या नकाशाची. कॉम्प्युटर तिच्यावरून उठेल. आणि मोठीचा नकाशा नव्या पद्धतीनं काढतो, ती नुसतं कोठार. सहाच्या सहा मिळतील. पैसे घेत नाही. मीटिंगमध्ये यातलं काही सांगायची पण गरज नाही. म्हणायचं, बिघाड होता, दुरुस्त झाला."

हेच तर करून घ्यायला ती आली होती. दोनाचे सहा. पण फुकट हा शब्द कानावर पडला की कौशल्याबाई जागी होत असे.

"नवा नकाशा काढल्यावर ह्यो जुना दिसंल का?"

"नाही. तो जातो."

"आन् हे काळं?"

"ते पण जातं. सगळं निळं होतं."

"मग तुजी चूक कुटं दिसंल?"

वजीरनं पेचकस दोन बोटांत फिरवला.

"हात काढ," ती म्हणाली, आणि उठून डिस्कवर तळहात ठेवला. "त्यो पेचकस ठेव खाली. आता ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. हे काळं हाय तवर पोरगं हाय. हे निळं झालं की अण्णासाहेब म्हननार, सहाची डिस्क धडधाकट हाय, मग पुसलं कुनी?"

"मावशी, ऐका तरी. मी चार सोसायट्यांची कामं करतो. ही एक गोष्ट बाहेर गेली की सगळीकडं म्हणतील, आमच्यातही असंच केलंय."

"केलंयस का?"

वजीरनं हाताखालच्या पोरांकडं बघितलं. ती एकदम कामाला लागली. "दोन ठिकाणी," तो हळूच म्हणाला.

"बग. इचारलं तवा सांगितलंस." तिनं डिस्क पदरात गुंडाळली. "तुज्या आईच्या निवडलेल्या पाटीत मुकादमाला एक नासका कांदा घावला, तर ती आख्खी पाटी आपल्या हातानं ओतायची. मुकादम नको म्हनायचा तरी. रविवारी सकाळी मीटिंग हाय. ये, न्हाईतर नको येऊ. मी काय तुला ओढत नेनार?"

"अम्मीचं नाव घेऊन अडकवताय, मावशी."

"व्हय," ती म्हणाली. "दुसरं काय हाय माज्याकडं?"

डबा आणि डिस्क घेऊन ती तशीच परतली. वजीर येईल असं तिला वाटत नव्हतं. रिक्षात बसल्या बसल्या तिनं दोनदा मागं वळून बघितलं, तो पाठलाग करून डिस्क काढून घेईल की काय म्हणून.

तीन-चार दिवस डबा तिच्या कॉटखाली. अण्णासाहेब चिडले, "ऐन दिवाळीच्या तोंडावर कॅमेरे बंद!" ती म्हणाली, "चालू हुते तवा काय घावलं?" कॉटखाली डबा आहे हे माहीत असून मोनिकानं दोनदा केरसुणी घातली, आणि दोन्ही वेळा सासूनं ती अडवली. समाधान गेटावर होता, पण कुणाशी बोलत नव्हता. कौशल्याबाईनं त्याला चहा पाठवला. "झालाय," म्हणून त्यानं परत केला. कपावर साय धरलेली, तशीच. ती कपाकडं बघत बसली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या वस्तू उलट्यासुलट्या करून पारखल्या होत्या. तिची वस्तू कुणी न चाखता परत केलेली तिला आठवेना.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. समाधान खांबाशी उभा. एजन्सीला द्यायचं पत्र तयार होतं, सही तेवढी बाकी होती. वजीरचा पत्ता नव्हता. तेव्हा कौशल्याबाईच उभी राहिली आणि सांगायला लागली: नकाशा, चौकट, पडीक, जुना कॉम्प्युटर, उठणं. तिला पोटात सगळं कळलं होतं, पण ओठावर येईपर्यंत त्याची खिचडी झाली. दोन-चार जण हसले.

"वहिनी," अण्णासाहेब म्हणाले, "हे तुम्हाला कुणी पढवून पाठवलंय?"

त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे रंगराव खुर्चीतनं म्हणाले, "अहो, हिला कोण पढवणार? आमच्या मंडळीनं संक्रांतीला दिलेलं वाण ही बाई उजेडात धरून बघते. तडा आहे का म्हणून!"

"हुता," कौशल्याबाई म्हणाली.

सगळे हसले. त्या हसण्यात एक गोष्ट मात्र झाली. ही बाई कुणाच्या सांगण्यावरून बोलणाऱ्यातली नाही हे सगळ्यांना एकदम आठवलं, आणि माणसं ऐकायला लागली. तेवढ्यात गेटात स्कूटर थांबली. वजीर. पुढ्यात स्क्रीन, पाठीवर बॅग.

"उशीर झाला," एवढंच म्हणाला आणि खुर्चीजवळ आणून ठेवलेला सोसायटीचा डबा स्टुलावर मांडला. कौशल्याबाईनं पदरातून डिस्क दिली. देताना लाल ठिपका बघून घेतला. कॉम्प्युटर उठला. वजीरनं तो पट्टा स्क्रीनवर आणला. थोडं निळं, पुढं लांब काळं. आणि शेजारच्या कोपऱ्यातली तारीख बोटानं दाखवली. नकाशा काढल्याची. उन्हाळ्यातली.

"हे समाधाननं केलेलं नाही," तो म्हणाला. "हे मी केलंय. सहातले चार मीच बाहेर ठेवले. त्या दिवसापासून इथं दहाच दिवसांचं राहतंय. कुणी काही पुसलेलं नाही."

अण्णासाहेबांनी चष्मा वर केला. "आणि हे तू आज सांगतोस? ह्या पोराला वाचवायला?"

"साहेब, वाचवायचंच असतं तर आधी स्वतःला वाचवलं असतं. घरीच बसलो असतो."

अण्णासाहेबांच्या हातात पत्र होतं. त्याची घडी त्यांनी एकदा घातली, एकदा उलगडली.

"ठीक आहे. पुसलं नाही. पण बंब तर गेलाच ना? तुम्हीच समाधानचं नाव घेतलं होतंत, वहिनी."

"घेतलं हुतं," ती म्हणाली. "बंब गेल्याला बगून तोंडाला काय तरी बोलाया पायजे हुतं. आता मागं घेते. बंब माजा, तक्रार बी माजी. माजी तक्रार न्हाई त्येच्यावर."

"म्हणजे संशय गेला तुमचा?"

"माजा संशय कुनावरचाच जात न्हाई, अण्णासाहेब. तुमच्यावर बी हाय. म्हनून काय तुमाला कागद द्यायचा का?"

या वेळी रंगराव खुर्चीवरून पडता पडता राहिले. अण्णासाहेबांनी हसायचं की नाही हे ठरवायला थोडा वेळ घेतला, आणि शेवटी पत्र फाडलं. बारीक तुकडे केले आणि खिशातच ठेवले, कारण सोसायटीत कचरा टाकणाऱ्याला दंड त्यांनीच लावला होता.

"जा रे समाधान. गेटावर जा," ते म्हणाले.

समाधान हलला नाही.

"जातो साहेब. पण एक म्हणायचंय." तो कुणाकडंच न बघता बोलत होता. "हा डबा माझ्या केबिनीत नको. आज हा बिघडला, उद्या काही बी होईल, तवा पुन्हा सगळे माझ्याकडंच बघतील. मी गेट राखतो. हे राखायचं मला सांगू नका."

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग डबा ठेवायचा कुठं? अण्णासाहेबांच्या घरी नको, असं दोन जण एकदमच म्हणाले. क्लबहाऊसला कुलूप नाही. शेवटी सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या. तळमजला, गेटाशेजारी, दिवसभर माणूस घरात, आणि ती अशी की घरच्यांनाही हात लावू देत नाही.

"मला नको," कौशल्याबाई म्हणाली. "गुरगुरतंय ते."

पण तिचं कोण ऐकतंय.

वजीरनं त्याच दुपारी तिच्या बाहेरच्या खोलीत काम केलं. छोटी डिस्क घातली, मोठीचा नवा नकाशा काढला. ती शेजारी बसून बघत होती. काळं नाहीसं होऊन पट्टा शेवटपर्यंत निळा झाला, तेव्हा तिनं चष्मा लावून कडेपर्यंत बघून घेतला. जाताना वजीर म्हणाला, "आता बाकीच्या दोन सोसायट्यांत जातो."

"आजच?"

"आजच. उद्या माझा माझ्यावरच भरवसा नाही."

"शमीमला सांग, मी येते भेटायला. गुडघ्याला काय लावती इचारून ठिव."

संध्याकाळी समाधान दारात आला. टोपी डोक्यावर होती. "चहा आहे का, मावशी?" म्हणाला. तिनं टाकला. तो उभ्यानंच प्यायला, पण सगळा प्यायला.

बंब काही मिळाला नाही. दिवाळीची अंघोळ गीझरवर झाली, आणि मोनिका त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. कौशल्याबाईला त्याचाच संशय आला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर राहणारी दिव्या, तिची नवी चप्पल जिन्यातून गेली. ती कौशल्याबाईच्या दारात आली. "काकू, कॅमेऱ्यात बघता का? काल दुपारचं?"

कौशल्याबाईनं कमरेची किल्ली काढली, मोनिकाला हाक मारली, कॉम्प्युटर लावायला सांगितला. काल दुपारचं आलं. जिना दिसला, चप्पल दिसली; मग लाइट गेल्यामुळं थोडा वेळ काहीच नाही; मग जिना दिसला, चप्पल नाही.

"लाइट गेली होती होय?" दिव्या म्हणाली.

"समद्यांचीच गेल्ती."

"हो, गेली होती," दिव्या म्हणाली. मग तिची नजर कॉम्प्युटरवरून किल्लीवर आली, किल्लीवरून कौशल्याबाईच्या दारातल्या चपलांवर गेली, आणि तिथं जरा जास्तच वेळ थांबली.

"बग," कौशल्याबाई म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली. "आत येऊन बी बग. कॉटखाली बग. समदं ओतून बग, बाई."